न पाहिलेला चट्टा

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळसुद्धा नाही. तिला ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून नाही, आणि या दोन्हींत किती अंतर असतं हे तुमचं लग्न झालेलं असेल तर तुम्हाला सांगायला नको. लिहायला बसलो की आधी दुसरंच काहीतरी लिहून काढतो — पुतण्याला पत्र, नळाच्या तक्रारीचा अर्ज. मग पान संपतं, चहा येतो, आणि आजचं उद्यावर जातं. आज म्हटलं, अर्ज नाही, पत्र नाही. आज तेच.

पण एकदम तिथं पोचता येत नाही हो. थोडं मागून यावं लागेल.

मी कुष्ठरोगाच्या खात्यात होतो. डॉक्टर नव्हे. सर्वेक्षण करणारा, सायकलवाला. आमच्या जिल्ह्यात त्या रोगाचं काम जुनं, त्यामुळं आम्हा लोकांना पाहून कुणी दार लावून घेत नसे. खेड्यात आम्हाला ‘चट्ट्याचे डॉक्टर’ म्हणत, म्हणजे अंगावरचे चट्टे शोधणारे. काम ऐकायला सोपं. गावातल्या प्रत्येक घरी जायचं. घरातलं प्रत्येक माणूस उजेडात उभं करायचं, कपडे बाजूला करून पाठ, पोट, खांदे, मांड्या पाहायच्या. फिकट चट्टा दिसला की कापसाची बारीक वात घेऊन त्याला हलकेच टेकवायची, आणि डोळे मिटलेल्या माणसाला विचारायचं — कुठं लागलं, बोट ठेव. बोट भलतीकडंच गेलं, किंवा गेलंच नाही, की समजायचं. मग कोपराच्या आतली शीर चाचपायची, ती जाड लागते का बघायचं. ही शीर बिघडली की पुढं करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकायला लागतं. एकदा वाकलं की गोळ्यांनी सरळ होत नाही. म्हणून तर सगळा खटाटोप — वाकायच्या आधी शोधायचं.

आणि एक गोष्ट आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवत. चट्टा खाजतो का, विचारा. खाजत असेल तर बहुधा गजकर्ण, नायटा, असलं काही. नसेल खाजत — तर सोडू नका.

हे वाक्य लक्षात ठेवा. मीही ठेवलं होतं. विसरलो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

सुरुवातीची वर्षं मी हिंगणघाटला होतो. तिथलाच मी, मिलच्या चाळीतला. वडील मिलमध्ये होते आणि भोंग्यावर उठणं, भोंग्यावर जेवणं, भोंग्यावर झोपणं हे मी लहानपणापासून पाहिलं. मीही तसाच झालो. सकाळी सायकल काढायची ती दिवे लागल्यावर भिंतीला टेकवायची. आणि सांगू का, मी चांगला होतो. बढाई म्हणून सांगत नाही, उलट याच्यामुळं पुढचं जास्त काळं दिसेल म्हणून सांगतो. माझ्या बोटांना शीर कळायची. वरचे साहेब म्हणायचे, याला अंधारात सोडा, हा चट्टा शोधून काढेल.

मग एका उन्हाळ्यात मला कावीळ झाली. दोन महिने अंथरुणात. उसाचा रस, मूग, ज्वारीची लाही. पडल्या पडल्या छताकडं पाहायचं, दुपारी कावळा ओरडला तर त्याचं ऐकायचं. तुम्हाला हसू येईल, पण मला ते आवडलं. बरा झालो तेव्हा वाईट वाटलं. पुन्हा सायकल? पुन्हा दिवसाला वीस घरं? नेमकं त्याच वेळी मला वर्ध्याला बढती मिळत होती, पर्यवेक्षक म्हणून. मी नको म्हणालो. अर्ज केला की मला त्यापेक्षा एखादं लहान केंद्र द्या. साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, लोक वर जायला अर्ज करतात, तुम्ही खाली जायला करताय.

मला मिळालं ते गाव नाचणगावच्या पलीकडं आठेक मैलांवर. नाव लिहीत नाही. त्या गावाचा काही दोष नाही. ते आणि भोवतालची चार अशी पाच गावं माझ्याकडं आली. आणीबाणीच्या आधीचा काळ. दोन खोल्या भाड्यानं, मागं अर्ध्या एकराची वाडी, विहीर, आणि विहिरीजवळ पेरूचं एक झाड. बायको, सुमन, आधी कुरकुरली. मग तिनं वांगी लावली, मेथी लावली, आणि तीही रमली.

आमच्या जिल्ह्यात साध्या राहणीला फार मान आहे, हे बाहेरच्यांना कळणार नाही. दुसरीकडं बढती नाकारणाऱ्याला लोक खुळा म्हणतील. आमच्याकडं त्याला नमस्कार करतात. मी खादी आधीपासूनच घालत होतो, आता चप्पलही टायरची घ्यायला लागलो. गावच्या शाळेत मला बोलावून मास्तरांनी मुलांपुढं उभं केलं — हे बघा, यांनी मोठी जागा सोडली, आपल्या गावात आले, गरजा कमी केल्या. मी मुलांना सांगितलं, अंथरूण पाहून पाय पसरावे. माणसानं पोटापुरतं काम करावं, उरलेला वेळ मनाला द्यावा. टाळ्या पडल्या. मलाही ते खरंच वाटलं. आता सांगतो ते ऐकून तुम्ही म्हणाल, ढोंगी होता. मी ढोंगी नव्हतो, मी सुखी होतो. हे जास्त वाईट आहे की कमी, तुमचं तुम्ही ठरवा.

सकाळी विहिरीवर अंघोळ. मग झाडाला पाणी. मग सावकाश चहा. दुपारी जेवून पेरूखाली बाज टाकायची. पाय पसरून पडलं की पानांतून ऊन डोळ्यांवर यायचं आणि सरकायचं. आयुष्यात इतकं बरं मला कधी वाटलं नाही. आजही नाही.

पण पाच गावं होती ना? माणसं होती. ती उजेडात उभी करायची होती. मग वेळ कुठून आला?

इथं मी अडखळतो. पुन्हा एकदा अडखळलो, उठून पाणी पिऊन आलो.

वेळ असा आला. पहिल्या वर्षी मी रीतसर केलं. दुसऱ्या वर्षी एक दिवस कंटाळा आला आणि एका घराच्या अंगणात उभा राहून, सायकलवरून न उतरताच मी विचारलं, ‘‘आहे का जी कोणाले चट्टा-बिट्टा?’’ आतून बाई म्हणाली, ‘‘नाई जी डॉक्टर, सारे मजेत हाये.’’ मी रजिस्टर काढलं आणि त्या घरातल्या सहाही जणांच्या नावापुढं ‘तपासले’च्या रकान्यात खूण केली. एवढंच. आभाळ कोसळलं नाही. पुढच्या घरीही तेच. जे गाव तपासायला पंधरा दिवस लागत ते तीन दिवसांत झालं.

बायकांच्या बाबतीत तर मला पुण्य लागल्यासारखं झालं. नियम असा की बायकांना आतल्या खोलीत, घरातली म्हातारी किंवा दाई सोबत घेऊन, नीट पाहायचं. तेव्हा आमच्याकडं बाई कर्मचारी नव्हती. बायका लाजत, पुरुष नाराज होत, दाईला शोधून आणण्यात अर्धा दिवस जाई. मी ते सगळंच सोडलं. आणि गाव काय म्हणालं माहीत आहे? म्हणालं, डॉक्टर भला माणूस आहे. आयाबहिणींची लाज राखतो. आधीचा होता तो पार पदर सरकवायला लावायचा. मी हे ऐकून मान खाली घालून हसायचो, भल्या माणसानं हसावं तसं.

वर्षाअखेर माझ्या गावांत नवे रोगी जवळजवळ नाहीतच असं दिसायचं. साहेबांनी कौतुक केलं. शोधणारा बाजेवर पडलेला, मग सापडणार कसे? हे त्यांच्या डोक्यात आलं नाही, कारण मला ते हिंगणघाटपासून ओळखत होते. याला अंधारात सोडा!

आता गिरजाबाई.

गिरजाबाई गावाच्या टोकाला राहायची. नवरा गेलेला, दीड-दोन एकर रान, बाकी मजुरी. एकच मुलगी, वच्छला. गिरजाबाईला आमच्या वाडीतली वांगी आवडायची, कधीमधी ती दोन-चार न्यायला यायची आणि सुमन तिला देत असे. तेवढीच ओळख. कापूस वेचायला ती गावात सगळ्यांत तेज होती. पोरगीही तिच्यासारखीच, दहा बोटांनी बोंडातून कापूस असा काढायची की बोंड झाडावर हलायचंसुद्धा नाही.

त्या दोघी आल्या ती दुपार होती. मंगळवार होता, कारण त्या दिवशी माझा शेजारच्या गावचा फेरा होता आणि मी तो टाळला होता. मी पेरूखाली पडलेलो. गिरजाबाई वाडीच्या काट्याच्या फाटकाशी उभी राहिली, पोरगी तिच्या मागं. बारा-तेरा वर्षांची असेल. निळं पोलकं, परकर.

‘‘डॉक्टर,’’ ती म्हणाली, ‘‘पोरीच्या खांद्यामांगं काहीतरी उमटलं जी. फिक्कं-फिक्कं. तुमी एकडाव पाहून घ्या ना.’’

आणि तिनं पोरीला वळवलं, पोलक्याचा गळा मागून खाली ओढायला लागली.

मी बाजेवरून उठलो नाही. मी झोपल्या झोपल्या विचारलं, ‘‘खाजते काय?’’

‘‘नाई जी. खाजत-बिजत नाई.’’

तुम्हाला मी वर एक वाक्य लक्षात ठेवायला सांगितलं होतं.

माझ्या डोक्यात काय काय आलं ते सांगतो, ते लपवून उपयोग नाही. हा चट्टा आपला असला तर नोंद करावी लागेल. कानाच्या पाळीचा नमुना घ्यायचा, तो वर्ध्याला न्यायचा. दर महिन्याला गोळ्या. शिवाय शेजारपाजारची सगळी घरं पुन्हा, खरोखरची, बघावी लागतील. आणि मग कुणीतरी विचारेल की ही पोरगी मागच्या वर्षी ‘तपासले’मध्ये कशी? हे सगळं मला एका क्षणात दिसलं. दिसलं म्हणजे अगदी कागदांसकट दिसलं. आणि मग पानांतून ऊन डोळ्यावर आलं.

‘‘राहू द्या, राहू द्या,’’ मी म्हणालो. अगदी मर्यादेनं, हात वर करून. ‘‘पोरीची जात आहे, उघडं कायले करता? शिबं असतीन. उन्हाळ्यात येतात, आपोआप जातात. खोबऱ्याचं तेल लावा.’’

गिरजाबाईचा चेहरा असा मोकळा झाला! ती मला काय काय म्हणाली. देवमाणूस म्हणाली. मी उठलो. आता उठायला हरकत नव्हती. हात वर करून एक पिकला पेरू तोडला आणि पोरीच्या हातात दिला. तिनं तो तिथंच खाल्ला. मग त्या गेल्या.

सुमन विहिरीशी भांडी घासत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. चट्ट्याच्या डॉक्टरची बायको, तिलाही ते वाक्य पाठ होतं. ती म्हणाली, ‘‘पाहिलं नाही तुम्ही?’’ मी म्हणालो, शिबं आहेत. ती पुन्हा राख घेऊन घासायला लागली.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या दिवशी जायचं होतं. हो. तिसऱ्या दिवशी जायचं होतं, महिन्यानं जायचं होतं. मी अधूनमधून ठरवायचो. त्यांच्या घरावरून जाताना सायकल हळूही करायचो. पण एकदा नाही गेलं की दुसऱ्यांदा जाणं आणखी अवघड होतं — काय सांगून जाणार? आणि वर्ष संपलं की रजिस्टर यायचं, आणि मी वच्छलाच्या नावापुढं ‘तपासले’मध्ये खूण करायचो. अशी लागोपाठ चार वर्षं. दर खुणेला माझा हात जरा थांबायचा. पण थांबायचा आणि करायचा.

मग नवीन औषधं आली. तीन औषधं एकत्र द्यायची, ठरावीक मुदतीत रोग बरा. आमच्या जिल्ह्यात ती लवकर आली, आणि ती द्यायच्या आधी सगळ्या गावांचं नव्यानं, कसून सर्वेक्षण निघालं. वर्ध्याहून पथक आलं. या वेळी त्यात एक सिस्टर होती. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे मी शाळेत शिकलो होतो. आता ते माझ्याच दाराशी उजाडलं.

गिरजाबाईच्या घरी सिस्टर आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी अंगणात उभा. कसली तरी डहाळी हातात घेऊन तिची पानं खुडत होतो. सिस्टर बाहेर आली, मला बाजूला घेतलं. खांद्यामागचा चट्टा आता दंडापर्यंत उतरला होता. कोपराची शीर दोरीसारखी जाड. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट वाकलेलं. हाताच्या कडेला काहीच कळत नव्हतं. सिस्टर म्हणाली, वेचणीला बाकीच्या बायकांनी ओळखलं होतं म्हणे — पोरीच्या ओटीतल्या कापसावर रक्त दिसायचं, बोंडाची वाळकी टोकं हातात रुतायची आणि तिला पत्ता नसायचा. बायका तिच्या ओळीतून दूर व्हायला लागल्या होत्या. आईनं मात्र हात भाजला असं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, कारण मुलीचं साक्षगंध झालं होतं, लग्न ठरलं होतं. मुलगा पुलगावचा.

‘‘जुन्या रजिस्टरला हिचं काय आहे?’’ सिस्टरनं विचारलं. मी म्हणालो, पाहून सांगतो.

दोन दिवसांनी मोठे साहेब पडताळणीला येणार होते.

आता जे सांगायचं आहे ते वरच्यापेक्षा वाईट आहे. चट्टा न पाहणं आळस होता. तुम्ही कदाचित मनात म्हणाल, माणूस आहे, होतं. पुढचं ऐका.

त्या दुपारी मी दार लोटून चारही वर्षांची रजिस्टरं काढली. दाढीचं ब्लेड घेतलं. वच्छलाच्या नावापुढची ‘तपासले’मधली खूण खरडली, इतक्या हलक्या हातानं की कागद फाटू नये. मघाशी म्हटलं ना, माझी बोटं चांगली होती. नखानं कागद घोटला. आणि त्याच ओळीत, तीन रकाने पलीकडं, ‘नकार’मध्ये खूण केली. नकार म्हणजे घरच्यांनी तपासू दिलं नाही. चार वर्षं, चार खुणा.

का? ‘गैरहजर’मध्ये करता आली असती. पण चार वर्षं सतत गैरहजर कसं पटेल? नकार पटतो. गरीब विधवा, अडाणी, पोरगी लग्नाची, लपवलं असेल. लगेच पटतं. मी विचार करून निवडलं.

साहेब आले. गिरजाबाईच्या अंगणातच उभे राहिले, रजिस्टर उघडून. शेजारपाजारचे जमले. साहेब चांगले होते, पण त्यांना त्या पोरीचा हात पाहून राग आला होता, आणि राग कुठंतरी जायला हवा होता. ते म्हणाले, ‘‘बाई, चार वर्षं आमचा माणूस तुमच्या दारात आला आणि चार वर्षं तुम्ही नाही म्हणालात. आई आहात ना? तुमच्यामुळं पोरीची बोटं गेली.’’

गिरजाबाईला आधी कळलंच नाही. ती साहेबांकडं पाहत राहिली. मग म्हणाली, ‘‘नाई जी साहेब. मी तं घेऊन गेलती ना तिले. डॉक्टरच्या वाडीत.’’ आणि माझ्याकडं वळली. ‘‘आणलती ना जी डॉक्टर, मी तिले?’’

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला फक्त साक्ष हवी होती. भला माणूस आहे, सांगेल.

मी म्हणालो, ‘‘गिरजाबाई, तुमी वांगे न्याले आलत्या.’’

मी हे मऊ आवाजात म्हणालो. समजूत घालावी तसं.

मी तिच्या चेहऱ्याकडं पाहत होतो, आणि मी पाहिलं की ती आठवून राहिली आहे. खरंच आठवत होती बिचारी, कपाळाला हात लावून. फाटक, पेरू, बाज, सगळं तिच्या डोळ्यांपुढं असणार. आणि त्याच्यापुढं डॉक्टरचा शब्द. मग ती पायाकडं पाहायला लागली. ‘‘असन जी,’’ ती म्हणाली. ‘‘वांगेच न्याले आली असन. मले आता कायी याद नाई राहत.’’

तिचं वय चाळिशीच्या आतच होतं.

वच्छला दाराशी उभी होती, हात पदराखाली. सोळा-सतरा वर्षांची मुलगी, दहा माणसांपुढं काय बोलणार? साक्षगंध पंधरा दिवसांत मोडलं. नारळ, साडी परत आली. कुणी भांडायलासुद्धा आलं नाही. नव्या गोळ्या सुरू झाल्या, आणि दर महिन्याला त्या नेऊन देणं माझ्याकडंच होतं. मी एकही महिना चुकवला नाही. मुदतीत रोग बरा झाला. बोटं तशीच राहिली. त्या गावांत पथकाला आणखीही काही जण सापडले, चट्टे असलेले, पण हात-पाय शाबूत असलेले. ते माझं नशीब म्हणायचं, त्यात माझी काही करामत नाही.

तिथून माझी बदली झाली तेव्हा गावानं निरोप दिला. मास्तर पुन्हा बोलले — साधी राहणी, संथ जगणं, कशाची हाव नाही. शाल, श्रीफळ. गिरजाबाईही आली होती, मागं बसली होती. जाताना तिनं सुमनच्या हातात तुरीच्या शेंगांची पिशवी दिली. सुमननं ती घेतली. घरी आल्यावर तिनं त्या शेंगा सोलल्या नाहीत. कोपऱ्यात वाळून कडक होईतो तशाच राहिल्या.

नंतर आम्ही वर्ध्याशेजारी पिपरीत घर बांधलं. लहानच, दोन खोल्या, मागं थोडी जागा. त्यात मी काही लावलं नाही. सुमननं पेरूचं रोप आणता का विचारलं नाही, मी आणलं नाही.

तिथं एक दिवस वच्छला आली. एकटी, एसटीनं, पत्ता विचारत. तीस वर्षांचीही नसेल, पण केस पिकायला लागलेले. आई गेली होती. तेरवी आटोपून आठवडा झाला होता. मला वाटलं मदत मागायला आली. मला तसंच वाटावं ना! सुमननं चहा केला. स्टीलच्या पेल्यात ओतायला गेली, मग थांबली, आणि कानाचा कप काढून त्यात दिला — पेला तापलेला असता आणि हिच्या हाताला कळलं नसतं. वच्छलानं डाव्या हातानं कप धरला. उजवा मांडीवर, पदराखाली.

इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग कप खाली ठेवून ती म्हणाली, ‘‘डॉक्टर, एक गोष्ट पुसाले आली जी. राग नोका मानू.’’

मी म्हणालो, विचार ना.

‘‘माय मरेलोक तेच बोलत होती. मीच लपवलं, मीच पोरीले नाई दाखवलं, माह्याच हातानं तिचा हात गेला. शेवटी शेवटी तं जेवत नोती. मले मात्र दुसरंच याद आहे. मी लहान होती, तुमच्या वाडीत आलतो आमी दोघी. मायनं पोलकं खाली ओढलतं. अन् तुमी मले पेरू देल्लता.’’ तिनं उजव्या हातावरचा पदर नीट ओढला. ‘‘मले हे खरंच याद आहे का मी आपल्या मनानं रचलं, तेवढंच सांगा. दुसरं कायी नाई पायजे मले.’’

सुमन दारात उभी होती. ती माझ्याकडं पाहत नव्हती, अंगणाकडं पाहत होती.

गिरजाबाई मेली होती. साहेब कधीचे निवृत्त झाले होते. मीही नोकरीतून मोकळा. मला आता कुणाची भीती नव्हती, कशाचंही नुकसान नव्हतं. एक ‘हो’ म्हणायचं होतं. तेवढ्यानं त्या पोरीला तिची आई परत मिळाली असती.

मी म्हणालो, ‘‘नाही गं आठवत. खूप वर्षं झाली.’’

ती ‘बरं जी’ म्हणून उठली, चप्पल घातली, सुमनच्या पाया पडली. माझ्याही पडली. सुमन आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. मी कधी का म्हणून विचारलं नाही.

आठवतं मला. मंगळवार होता. तुझं पोलकं निळं होतं. तुझी आई फाटकाशी उभी राहून म्हणाली, एकडाव पाहून घ्या, आणि मी पाहिलं नाही. पेरू मीच दिला. तू तो उजव्या हातात धरला होतास, वच्छला, पाचही बोटांनी. तेव्हा ती सगळी सरळ होती.